तुरुंगाची चूल

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या परभणीच्या घरात दोन आवाज हमखास कानी पडत. एक, न्हाणीत पेटलेल्या तांब्याच्या बंबाचा. आणि दुसरा, अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. "कामून इतकं पाणी सांडायलास रे? दोन तांबे पुरे झाले की!" अंगाला तेल-उटणे लावून कुडकुडत बसलेल्या नातवाला हे ऐकून रडू यायचे. आजी आतून म्हणे, "वर्षाचा सण आहे. लेकराला आज तरी मोजून पाणी घालू नका." अण्णा मग गप्प बसत. पण बंबात पुढची ढलपी टाकताना ती हातात धरून, जणू तिचे वजन करून, मगच आत सरकवीत. ती ढलपी त्यांच्या हातून सहजासहजी सुटत नसे.

आम्ही मुले त्यांना कंजूष समजत असू. कारण पुष्कळ उशिरा कळले. १९४७-४८ साली, हैदराबाद संस्थानातील लढ्याच्या धामधुमीत, अण्णा काही महिने निजामी तुरुंगात होते. तुरुंग कोणता ते येथे महत्त्वाचे नाही. तेथे अंघोळ आठवड्यातून एकदा आणि तीही तीन तांब्यांची. सरपण तोलून मिळे आणि ते निम्म्यावरच संपे, म्हणून ज्वारीची भाकर बाहेरून करपलेली आणि आत कच्ची. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान मोकळे झाले, अण्णाही मोकळे झाले. पण त्यांचा तांब्या काही त्या तीनांच्या आकड्यातून सुटला नाही.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागलो. राजांच्या मुदपाकखान्यांवर लिहिणारे पुष्कळ भेटले, पण तुरुंगाच्या चुलीकडे वळून पाहणारा क्वचितच. वास्तविक तुरुंग कायद्याच्या नजरेने शिक्षेची जागा असेल. पाण्या-सरपणाच्या नजरेने ते एक अवाढव्य एकत्र कुटुंब आहे. शेकडो माणसे, दोन वेळचा स्वयंपाक, एकच पाण्याची टाकी आणि रात्रभर न विझणारे दिवे. फरक इतकाच की, या घरात काटकसर करणारा एक असतो आणि ती सोसणारा दुसरा. मला वाटते, साऱ्या गोष्टीची मेख येथे आहे.

पहिला प्रसंग कंपनी सरकारच्या काळातला. १८४० पर्यंत उत्तर हिंदुस्थानातील पुष्कळ तुरुंगांत कैद्याला रोजचे थोडे पैसे किंवा कोरडा शिधा मिळे, आणि तो आपली चूल आपण मांडी. शंभर कैदी, शंभर चुली! केवढा धूर, केवढी लाकडे आणि केवढा वेळ! त्यानंतरच्या दशकात साहेबांनी एकत्र स्वयंपाकाची पद्धत आणली. शिस्त वाढावी, कामाचे तास वाया जाऊ नयेत, खर्च आटोक्यात राहावा, असा हिशेब होता. सरपणाच्या दृष्टीने पाहिले तर तो बिनचूक. शंभर चुलींपेक्षा एका भट्टीला लाकूड कमी लागते, हे लग्नघरातल्या कोणत्याही आचाऱ्याला ठाऊक असते. पण बिहारमधील तुरुंगांत त्यावरून दंगे उसळले. दुसऱ्याच्या हातचे अन्न खायचे म्हणजे जात गेली, ही कैद्यांची समजूत. सरकारला अखेर ब्राह्मण स्वयंपाकी नेमावे लागले.

जातीचा हा सोस निंद्यच आहे. तरी पण मला त्या दंग्यात आणखी काही दिसते. ज्याचे घर, शेत, नाव, सारे काढून घेतले त्याच्या हातात उरलेली शेवटची वस्तू म्हणजे ती चूल. तीही गेली. १८५५ साली आरा आणि मुजफ्फरपूर येथे कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी दिली गेली, तेव्हा हेच पुन्हा घडले. लोट्याचे हत्यार होईल, ही साहेबाची भीती. आणि शौचाला नेलेले मातीचे भांडे पुन्हा शुद्ध कसे व्हायचे, हा कैद्यांचा सवाल. मुजफ्फरपुरात तर गावचे लोकच कैद्यांच्या बाजूने रस्त्यावर आले आणि लोटे परत करावे लागले. दोन वर्षांनी, १८५७ साली, काय घडले ते वाचकांना सांगायला नको.

काटकसर लादली की ती शिक्षा होते, आणि आपण होऊन केली की तिचा रंगच पालटतो. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबतीला काकासाहेब कालेलकर होते. सातारचा जन्म असलेल्या काकासाहेबांनी तेथील एक आठवण लिहून ठेवली आहे. दातवणाची काडी एकदा वापरून झाली की ते ती टाकून नवी आणू पाहत. गांधीजी म्हणत, वापरलेले टोक तेवढे कापा आणि उरलेली काडी उद्याला ठेवा. येथे झाडाला तोटा नाही, रोज नवी मिळेल, असे काकासाहेबांचे म्हणणे. मिळेल म्हणून तोडण्याचा हक्क आपल्याला येत नाही, असे गांधीजींचे. १९३२ साली त्याच येरवड्यात वल्लभभाई पटेल रद्दी कागदांची पाकिटे करीत बसत. पण गांधी-पटेलांना त्या काटकसरीत आनंद होता, कारण ती त्यांची होती. अण्णांचे तीन तांबे अण्णांचे नव्हते.

आता ज्या माणसासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे वळतो. आप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे संडास साफ करण्याचे काम ठराविक जातीच्या कैद्यांनाच दिले जाई. ते काम मला द्या, असे आप्पासाहेबांनी मागितले. नियमात बसत नाही म्हणून नकार मिळाला, तेव्हा त्यांनी अन्न सोडले. येरवड्यात गांधीजींना कळताच डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही सहानुभूतीचे उपोषण आरंभले. शेवटी सरकार नमले. मैला उपसायला मिळावा म्हणून कैद्याने उपाशी राहावे, असा प्रसंग जगाच्या तुरुंगांच्या इतिहासात फार थोडा सापडेल!

पण आप्पासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. माणसाच्या हाताने मैला उपसावा लागूच नये, आणि त्यातली संपत्तीही वाया जाऊ नये, या ध्यासाने त्यांनी कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात प्रयोग केले. मैल्याच्या खताला ते सोनखत म्हणत. सुधारलेले संडास, त्यांचे खत आणि त्यांतून निघणारा जळाऊ वायू, असा तो उद्योग. पुढे देहूच्या डॉ. मापुसकरांनी तो धागा उचलला आणि गावातल्या संडासांना गॅसची जोड दिली; २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. वाचक म्हणतील, संडासाच्या गॅसवर अन्न शिजवायचे? सणासुदीला हा कसला विषय! पण वायू पेटला की त्याला ना वास उरतो ना जात. अण्णांच्या तुरुंगात ज्वारीची भाकर कच्ची राही, आणि तिला पक्की करणारा जाळ पन्नास पावलांवर संडासाच्या खड्ड्यात कुजत होता, हे मला तेव्हापासून विसरता आलेले नाही.

ही विद्या तशी नवी नव्हेच. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू काढून दिवे लावले गेले होते. समाजाने ज्यांना दूर कोंडले त्यांच्याच घरात हा उजेड आधी पडला. आणि याच युक्तीचा एक मोठा प्रयोग झाला तो दूर आफ्रिकेत, रुवांडा देशात. १९९४ च्या नरसंहारानंतर तेथील तुरुंग माणसांनी ठेचून भरले. हजारोंचा स्वयंपाक लाकडावर. त्यामुळे आसपासच्या टेकड्या बोडक्या झालेल्या आणि मैला ओढ्या-नाल्यांत चाललेला. २००१ पासून किगालीच्या विज्ञान-तंत्र संस्थेने तुरुंगांत जमिनीखाली विटांचे मोठे घुमट बांधले. गॅस चुलीकडे आणि मळी बागेकडे. तुरुंगांचे सरपण त्यामुळे सुमारे निम्म्यावर आले. बांधकामाला हात कैद्यांचेच लागले आणि गवंडीकामही ते शिकले. येथे काटकसर झाली, पण कोणाच्या ताटातून नव्हे.

सूर्याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८७८ साली मुंबईत राहणाऱ्या विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रजाने, उष्ण देशांत जळणाऐवजी ऊन वापरता येईल, असे एक पुस्तकच लिहिले. आरशांच्या पेटीत त्याने जानेवारीच्या उन्हात दोन तासांत सात शिपायांचे अन्न शिजवून दाखविले. घरोघरी ही पेटी का रुजली नाही, हे गृहिणींना विचारावे: रात्रीचा स्वयंपाक उन्हात कसा व्हायचा? तुरुंगाची मात्र घडी वेगळी. तेथे उजाडता बराकी उघडतात, मावळता बंद होतात, आणि संध्याकाळचे जेवण दिवस असतानाच उरकते. सूर्याशी इतके इमान राखणारे दुसरे घर मला ठाऊक नाही. परभणीसारख्या मुलखात, जेथे चैत्र-वैशाखात अंगणातला दगड हात लावू देत नाही, तेथे तरी पाणी तापवायला लाकूड जाळणे म्हणजे गंगेकाठी विहीर खणणेच.

पाण्याचे गणित मात्र इतके सोपे नाही. आमच्या मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आहेत, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला आगगाडीने पाणी आले ते तर मुलांनीही पाहिले. अशा वेळी बाहेरच्या माणसाला निदान हंडा घेऊन चार मैल जाता येते. आतल्या माणसाला तेही नाही. त्यात गर्दी. २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रातील तुरुंगांत क्षमतेच्या दीडपटीहून अधिक माणसे होती, आणि त्यांतील बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे असे. टाकी तेवढीच, माणसे दीडपट. नळाची तोटी दुरुस्त करा, अंघोळीचे पाणी झाडांना द्या, छपरावरचा पाऊस साठवा, हे सगळे करावेच. पण जामिनाची रक्कम नाही म्हणून आत बसलेला एक माणूस घरी गेला, तर त्याच्या वाट्याचे पाणी, जळण आणि दिवा, सारेच एका सहीने वाचते. असली काटकसर कोणत्याही यंत्राने होत नाही.

भिंतच नसली तर? हाही प्रयोग मराठी मुलखात झालेला आहे. १९३९ साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेवरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसविली. कोरडा माळ, ना तट ना पहारा. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांना ही कथा ओळखीची वाटेल. तटाभोवती रात्रभर दिवे नकोत, कारण तटच नाही. आणि मौज पाहा: तेथे कैदी आपल्या बायकामुलांसह राहू लागला. १८४० नंतर जी चूल काढून घेतली होती, ती शंभर वर्षांनी माणदेशात त्याला परत मिळाली. सरपण थोडे अधिक लागत असेल, लागो!

त्याच धर्तीवर १९६८ साली पैठणला खुले कारागृह निघाले, ते जायकवाडी धरणाच्या कामाला कैद्यांचे हात मिळावेत म्हणून. धरणाचा डावा कालवा दोनशे किलोमीटरांहून लांब आहे आणि तो आमच्या परभणी जिल्ह्यात येतो. पाथरीकडे हिरवा ऊस पाहिला की मला त्या हातांची आठवण होते.

१९७४ साली नाथषष्ठीला अण्णांनी मला पैठणला नेले होते. दर्शन झाल्यावर धरण पाहायला गेलो. उन्हाने जीव कासावीस झाला होता. रस्त्याकडेला काही माणसे लिंबाखाली भाकरी खात बसली होती, जवळ रांजण होता. अण्णांनी पाणी मागितले. एक जण उठला, तांब्या बुडवून काठोकाठ भरून त्याने दिला. चार शब्द झाले तेव्हा कळले की, ही माणसे खुल्या कारागृहातली आहेत. अण्णांचा हात तांब्यासकट थांबला. त्यांनी एकदा त्या माणसाकडे पाहिले, एकदा रांजणाकडे पाहिले आणि विचारले, "मोजून देतात का रे, बाबा?"

"नाही जी. लागंल तेवढं घ्या," तो म्हणाला.

अण्णांनी तो तांब्या घटाघटा रिकामा केला. मग जन्मात पहिल्यांदाच मी पाहिले, त्यांनी तो पुन्हा पुढे केला.