उजाड खानदेश कोणी वसवला, आणि सातबारा कोणाच्या नावावर?

१ जानेवारी १८१८ ही तारीख आपल्या चळवळीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. भीमा कोरेगाव झाले, पेशवाई मोडली. पण त्यानंतर पाचच दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोरला होळकर आणि कंपनी सरकार यांच्यात तह झाला आणि होळकरांच्या ताब्यातला खानदेश इंग्रजांकडे गेला. ही तारीख जळगाव-धुळ्याच्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? अभ्यासवर्गात आम्ही हा प्रश्न विचारतो तेव्हा सहसा कोणाचा हात वर होत नाही.

कोरेगावचा विजयस्तंभ आपला आहेच, तो वाद इथे नाही. आमचा प्रश्न स्तंभानंतरचा आहे. लढायांनी उद्ध्वस्त झालेला एक आख्खा मुलूख इंग्रजांच्या हाती आला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तो पुन्हा उभा राहिला, कापसाने पांढरा झाला. या उभारणीत आपल्या पूर्वजांच्या वाट्याला काय आले?

उद्ध्वस्त म्हणजे किती, ते आधी समजून घेऊ. १८०२ साली होळकर, शिंदे आणि पेशवे यांच्या भांडणात यशवंतराव होळकरांच्या फौजेने खानदेश तुडवला. फौज तुडवते म्हणजे उभे पीक घोड्यांच्या तोंडी जाते, पेवातले धान्य उपसले जाते, बैल हाकलून नेले जातात. त्यानंतर दोन हंगाम जमीन पडीक राहिली. १८०३-०४ चा दुष्काळ म्हणून केवळ पावसाचा दुष्काळ नव्हता. पेरायला माणूस नव्हता, बैल नव्हता, बी नव्हते. खुद्द धुळे १८०३ मध्ये पूर्ण ओस पडले. आज पाचकंदीलच्या गर्दीत उभे राहून हे खरे वाटत नाही, पण तेव्हाचे धुळे म्हणजे लळिंगच्या अमलाखालचे एक किरकोळ गाव होते आणि त्या गावात दिवा लावायला कोणी उरले नव्हते.

इथे काही बहुजन मित्रांना राग येतो. यशवंतराव होळकरांना ब्राह्मणी इतिहासकारांनी मुद्दाम लुटारू ठरवले, तुम्हीही तेच सांगता का, असे ते विचारतात. यशवंतराव पराक्रमी होते आणि त्यांना हिणवणाऱ्यांचा हेतू आम्हाला चांगला ठाऊक आहे. पण राजाची जात पाहून जळालेल्या गावाचा हिशोब बदलत नाही. ज्याची झोपडी गेली त्याच्या बाजूने इतिहास लिहायचा, असे म्हणणारे आपणच ना? मग तो नियम सगळ्या झेंड्यांना लावावा लागेल.

पेशव्यांचा झेंडा तर त्याहून वाईट. दुसऱ्या बाजीरावाने वसुलीचे मक्ते विकले. ज्याने जास्त बोली लावली त्याच्या हाती मुलूख, मग तो रयतेचे कातडे सोलो. माणसे गाव सोडून टोळ्या करून हिंडू लागली आणि लुटून जगू लागली. भिल्लांना तर थेट मारून टाकण्याचेच धोरण होते. १८०४ च्या सुमारास पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना कोपरगावला बोलावून घेतले आणि दोन विहिरींत ढकलून मारले. विश्वासाने आलेली माणसे होती ती. शाळेच्या पुस्तकात तुम्ही पेशव्यांचे अटकेपार वाचले असेल, या दोन विहिरी वाचल्या का?

इंग्रजही काही फुले उधळत आले नाहीत. फेब्रुवारी १८१८ मध्ये तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर हिस्लॉपच्या फौजेने सुमारे तीनशे शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिले. तह आधीच झाला होता, तरीही.

आता उभारणीकडे येऊ. धुळ्याच्या उभारणीची हकीकत सरकारी दफ्तरात बरीच तपशीलवार आहे, म्हणून तीच घेऊ. गाव ओस पडल्याच्या पुढच्याच वर्षी विंचूरकरांचा आश्रित बाळाजी बळवंत याने ते पुन्हा वसवले. बक्षीस म्हणून त्याला इनाम जमीन आणि इतर हक्क मिळाले, नंतर सोनगीर आणि लळिंगचा कारभारही मिळाला. पुढे १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधायला मंजुरी आली, लांबून कारागीर आणले गेले. व्यापाऱ्यांना आणि नव्याने येणाऱ्यांना घरासाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, पक्की घरे बांधायला आगाऊ रकमा दिल्या. त्या वर्षी धुळ्यात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. १८७२ पर्यंत ती १२,४८९ झाली.

समाजशास्त्राच्या पुस्तकात याला पुनर्वसन म्हणतील. चांगलेच पुनर्वसन आहे: फुकट जागा, उचल, सरकारी संरक्षण. पण ते कोणासाठी आहे ते बघा. भांडवल असलेल्यासाठी. खेड्यांतही तेच झाले. पडीक जमीन वाढत्या साऱ्याच्या कौलाने, म्हणजे सुरुवातीला नाममात्र आकारणीवर दिली गेली, तगाई दिली गेली. ती घ्यायला बैलजोडी लागते, नांगर लागतो, दोन वर्षे पोट धरून राहण्याची ऐपत लागते. आणि सर्वात आधी, स्वतःच्या मर्जीने उठून दुसऱ्या गावात जायची मोकळीक लागते.

महाराला ती मोकळीक नव्हती. तो वतनाने बांधलेला होता. सांगावे नेणे, सरकारी माणसाचे सामान पुढच्या गावापर्यंत पोचवणे, वसुलाबरोबर खजिन्यापर्यंत जाणे, वेशीवर राखण करणे, मेलेली ढोरे ओढणे. आणि हेही: ओस गाव पुन्हा वसवताना शिव कुठून कुठे जाते हे सांगणारा माणूस कोण? महार. शिवेच्या तंट्यात त्याचा शब्द प्रमाण धरला जाई. आख्ख्या गावाची शिव ज्याच्या डोक्यात, त्याच्या वाट्याला त्या शिवेच्या आत हाडकी हाडोळ्याचा एक तुकडा, तोही चाकरीच्या बदल्यात आणि भावकीत वाटून वाटून बोटभर झालेला.

इंग्रजांना हे मोडता आले नसते का? त्यांना मोडायचे नव्हते. उजाड मुलखातून सारा लवकर हवा होता. त्यासाठी पाटील, कुळकर्णी, महार ही जुनी घडी आयती मिळत होती आणि फुकटात चालत होती. लढायांनी जी गावगाड्याची चौकट खिळखिळी केली होती, ती नव्या सरकारने ठोकून घट्ट केली आणि १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने तिच्यावर सरकारी शिक्का मारला. आमच्या मते खानदेशच्या इतिहासातली सर्वात महत्त्वाची आणि सर्वात कमी लिहिली गेलेली गोष्ट ही आहे. आपण म्हणतो १८१८ ला पेशवाई बुडाली. पुण्याची बुडाली. खेड्यातली इंग्रजांच्या कचेरीत नोंदवली गेली. बाबासाहेबांनी १९३० च्या गोलमेज परिषदेत इंग्रजांच्या तोंडावर हाच हिशोब मांडला होता: तुमच्या राज्याआधी आमची जी अवस्था होती ती आजही तशीच आहे, मग तुम्ही केले काय?

भिल्लांचे प्रकरण थोडे वेगळे. त्यांच्याकडे शस्त्र होते, म्हणून त्यांच्याशी सरकारला बोलावे लागले. १८२५ मध्ये औट्रमने भिल्लांची पलटण उभी केली, तिचे ठाणे जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला. कन्नड वगैरे ठिकाणी भिल्ल एजन्सी काढून जमीन, बी-बियाणे, तगाई दिली. याचे कौतुक गोऱ्या लेखकांनी खूप केले. औट्रमने खानदेशात किती वाघ मारले याचीही मोजदाद त्यांनी ठेवली, शंभराच्या पुढे जाते ती. औट्रम लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. आणि भिल्ल? १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक पुन्हा शस्त्र घेऊन उभे राहिले, अंबापाणीला लढाई झाली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलच सरकारी झाले. ज्याला नांगर देऊन बसवले, त्याला वीस पावलांवरची काटकी तोडणे गुन्हा ठरले. सातपुड्यात आजही २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे घेऊन बसलेली माणसे त्यांचीच नातवंडे-पणतवंडे आहेत.

खानदेशाला खरा पैसा आणला तो दुसऱ्याच एका युद्धाने. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस इंग्लंडला जाणे थांबले आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी रेल्वे आली. जळगाव शहर त्यावर उभे आहे. ती अमेरिकेतली लढाई गुलामीवरून होती हे लक्षात घ्या. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने ती जमीन जुन्या मालकांना परत दिली. गुलाम मुक्त झाला आणि त्याच मळ्यावर वाटेकरी म्हणून राबू लागला. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा तिकडचे हे उभारणीचे राजकारण कोलमडायला लागले होते. तिकडे काय, इकडे काय, पडझडीनंतर जमीन कोणाला मिळाली यावर पुढची शंभर वर्षे ठरतात.

आपल्याकडची पुढची शंभर वर्षे कशी होती? १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात आले होते. एका गावात अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावच्या महारांनी त्यांना आग्रहाने उतरवून घेतले. स्टेशन होते, टांगा होता, नदीवर पूल होता. म्हणजे ब्रिग्जपासून चाललेली सगळी उभारणी तिथे हजर होती. फक्त टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. विदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, आमदार. हा अपघात आपण भाषणात सांगतो तो करुणेसाठी. तो पुरावा म्हणूनही सांगायला हवा.

त्याच्या आदल्या वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले होते. ते पुढे रेटता आले नाही. महार वतने कायद्याने गेली ती १ ऑगस्ट १९५९ पासून, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. आणि तेव्हाही जमीन सरळ नावावर झाली नाही. आधी सरकारजमा, मग आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरली तर परत, तीही कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. ज्याने भरली नाही त्याचे काय झाले ते प्रत्येक गावात वेगळे आहे. त्याच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात खानदेशातली माणसे होती.

३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले, म्हणून दरवर्षी त्या तारखेला आपण तिथे जमतो. यंदा येताना एक काम करून या. आपल्या गावच्या तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना ६ मधले १९५९ ते १९६४ या काळातले महार वतनाचे फेरफार काढा, त्याच गटांचे आजचे सातबारे काढा आणि दोन्हींच्या नकला सोबत आणा. दुपारच्या जेवणानंतर पायथ्याशी झाडाखाली आम्ही वही घेऊन बसलेले असू. तालुक्यावार बसा, म्हणजे नोंद करायला सोपे जाईल.