बाकावरचें वर्ष

खेळांच्या इतिहासांत जे खेळले त्यांची नोंद असते. पोषाख चढवून मैदानाच्या कडेला जे नुसते उभे राहिले, त्यांची नोंद ठेवण्याची चाल कोठेंच नाहीं. तरीही अमेरिकेंतील विद्यापीठांच्या फुटबॉलचा इतिहास चाळतांना आमचें लक्ष वारंवार अशाच एका उभ्या राहिलेल्या तरुणाकडे जातें. जेकब कोकर हें त्याचें नांव. सन २०१४ मध्यें तो फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठ सोडून अलाबामा विद्यापीठांत आला, तेव्हां येत्या हंगामाचा नायकच आला, असें तिकडील वृत्तपत्रांनीं जवळजवळ गृहीत धरलें होतें. हंगाम सुरू झाला, आणि नायकाची जागा भलत्यालाच मिळाली. कोकरनें तें वर्ष बहुतेक बाकावर काढलें.

हा फुटबॉल आपल्याकडे पायानें खेळतात तो नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. येथें चेंडू लांबट असतो, तो हातांत घेऊन धांवतात किंवा फेंकतात, आणि एका वेळीं प्रत्येक बाजूचे अकरा गडी मैदानावर असतात. त्या अकरांत क्वार्टरबॅक म्हणून एक असतो. चढाईची जवळजवळ प्रत्येक खेळी त्याच्या हातीं चेंडू आल्यावर सुरू होते. तो कोणास द्यावा, कोणाकडे फेंकावा, कीं स्वतः घेऊन पळावें, हें त्याला दोन-तीन क्षणांत ठरवावें लागतें, आणि तेवढ्यांत तीन-तीन मण वजनाचे प्रतिपक्षी त्याच्या अंगावर येत असतात. आपल्या वाचकांस यष्टिरक्षकाचें उदाहरण पुरेसें व्हावें. संघांत फलंदाज सहा घेतां येतात, गोलंदाज पांच घेतां येतात. यष्टीमागें मात्र एकच उभा राहतो, आणि दुसरा कितीही निष्णात असला तरी त्यानें तंबूंत बसून टाळ्या वाजवावयाच्या. मोठ्या विद्यापीठाच्या संघांत त्या काळीं ८५ गड्यांना शिष्यवृत्ति देतां येत असे. त्या ८५ जणांत क्वार्टरबॅकची जागा एकच.

जागा मिळेना म्हणून, किंवा दुसरीकडे अधिक मान मिळतो म्हणून, विद्यापीठ बदलण्याची रीत या खेळाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर ती रीत निव्वळ भटकेगिरी होती. सन १८९६ च्या आक्टोबरांत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा फील्डिंग योस्ट नांवाचा कायद्याचा विद्यार्थी लाफायेट कॉलेजाविरुद्ध खेळला. पुढच्याच आठवड्यांत, २४ आक्टोबरला, तोच योस्ट लाफायेटच्या बाजूनें पेनसिल्व्हानिया विद्यापीठाशीं खेळतांना दिसला! त्या दिवशीं लाफायेटनें ६ विरुद्ध ४ गुणांनीं विजय मिळवला आणि पेनसिल्व्हानियाची ३६ सामन्यांची विजयमालिका खंडित केली. मग योस्ट महाशय आपल्या कायद्याच्या पुस्तकांकडे परत गेले. पुढें मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनीं एवढें नांव कमावलें कीं, या जुन्या प्रकरणाची आठवण लोक रागानें न काढतां कौतुकानेंच काढतात.

अशा प्रकारांना आळा घालावयाचा तर नियम हवेत. सन १९०५ मध्यें मैदानावरील मृत्यूंनीं देशभर ओरड झाली, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं विद्यापीठांच्या प्रतिनिधींस बोलावून समज दिली, आणि १९०६ मध्यें विद्यापीठांची एक मध्यवर्ती संघटना उभी राहिली. १९१० पासून ती एन.सी.ए.ए. या नांवानें ओळखली जाते. त्याच सुमारास पश्चिमेकडील मोठ्या विद्यापीठांनीं असें ठरवलें कीं, नव्या विद्यार्थ्यानें आधीं एक वर्ष तेथें राहून अभ्यास करावा आणि मगच खेळावें. हा वर्षभर थांबण्याचा नियम पुढें निरनिराळ्या रूपांनीं सर्वत्र रूढ झाला. योस्टसारख्यांसाठीं तो योग्यच होता. परंतु औषध एकासाठीं काढावें आणि पाजावें सर्वांना, तशी त्याची गत झाली. ज्याला प्रशिक्षकानें घराघरांत फिरून आणलें आणि मग विसरून टाकलें, त्या मुलालाही तोच नियम लागू होता. प्रशिक्षकाला मात्र अधिक पगाराच्या जागेवर दुसऱ्या दिवशीं जातां येत असे. अलाबामाचे निक सेबन यांना २०१४ मध्यें वर्षास सुमारें ७० लक्ष डॉलर मिळत. त्यांच्या गड्यांस शिक्षणाचा खर्च, जेवण आणि राहण्याची सोय. ही विषमता त्या व्यवस्थेला कित्येक दशकें खटकली नाहीं, याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें.

सन २००६ मध्यें या भिंतीला एक दार पाडण्यांत आलें. ज्यानें पदवी संपादन केली आहे आणि तरीही ज्याचीं खेळण्याचीं वर्षें शिल्लक आहेत, त्याला दुसरीकडे जाऊन ताबडतोब खेळण्याची मुभा मिळाली. सवलतीचा तपशील पुढें बदलला, पण दार पुरतें बंद झालें नाहीं. रसेल विल्सन याच दारानें २०११ मध्यें विस्कॉन्सिनला गेला आणि पहिल्याच हंगामांत त्यानें त्या संघाला रोझ बोलच्या सामन्यापर्यंत नेलें. तेव्हांपासून पदवी घेऊन आलेला क्वार्टरबॅक म्हणजे तयार रत्न, अशी समजूत पसरली. कोकरच्या डोक्यावर अपेक्षांचें जें ओझें आलें, त्यांतलें बरेंचसें विल्सननें नकळत ठेवलेलें होतें.

आणि कोकरनें स्वतः काय केलें होतें? खरें सांगावयाचें तर फारच थोडें. २०११ पासून तो फ्लॉरिडा स्टेटमध्यें होता. २०१३ मध्यें मुख्य जागेसाठीं त्याची आणि जेमिस विन्स्टनची चुरस झाली व ती विन्स्टननें जिंकली. विन्स्टननें पहिल्याच सामन्यांत २७ पैकीं २५ फेंकी आपल्या गड्यांच्या हातीं पोंचत्या केल्या. वर्षअखेर हाइझमन पारितोषिक मिळवलें आणि संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें. अशा माणसाशीं चुरस करून हरलेल्याविषयीं लोकांच्या मनांत एक चमत्कारिक आदर उत्पन्न होतो. एवढ्या मोठ्याशीं ज्यानें टक्कर दिली तोही मोठाच असला पाहिजे, असा तर्क चालतो. कोकरचा लौकिक त्याच्या खेळापेक्षां या तर्कावरच अधिक उभा होता. त्यांत तो साडेसहा फुटांच्या घरांतला उंच, हाताचा जोर दांडगा, आणि मूळचा अलाबामांतल्याच मोबील शहरचा. अलाबामाला आदल्या काळांत दोन अजिंक्यपदें मिळवून देणारा ए. जे. मॅकॅरन नुकताच पदवी घेऊन गेला होता. तो आणि कोकर एकाच शाळेचे विद्यार्थी. रिकामी गादी, आणि त्याच शाळेंतून आलेला वारस! वृत्तपत्रांना याहून अधिक काय हवें?

वारसाच्या वाटेंत उभा असलेला गडी होता ब्लेक सिम्स. त्याच्याकडे कोणाचें फारसें लक्ष नव्हतें. तो २०१० पासून अलाबामांत होता. आरंभीं त्याला चेंडू घेऊन धांवणाऱ्याच्या जागीं वापरलें, मग मॅकॅरनच्या मागें बसवलें. पांचवें, म्हणजे अखेरचें, वर्ष उगवलें तेव्हां त्याच्या नांवावर सांगण्यासारखा एकही सामना नव्हता, आणि त्या वसंतांतील सरावाच्या सामन्यांतही तो फिकाच पडला. परंतु त्या वसंतांत तो तेथें होता. कोकर पदवी पुरी करण्यासाठीं अजून फ्लॉरिडांतच अडकलेला होता. लेन किफिन हे चढाईचे नवे प्रशिक्षक त्याच वर्षीं आले. त्यांची नवी परिभाषा, त्यांच्या खुणा, त्यांचे डाव हें सारें सिम्सनें कोकरच्या आधीं कांहीं महिने ऐकलें. क्वार्टरबॅकचें अर्धें काम पाठांतराचें असतें, ही गोष्ट प्रेक्षकांस दिसत नाहीं. शिवाय इतर दहा गड्यांशीं सिम्सची चार वर्षांची ओळख होती. कोणता गडी किती वेगानें वळतो, कोणाला चेंडू खांद्यावर आवडतो आणि कोणाला छातीवर, हें परक्या गांवाहून कीर्ति घेऊन आलेल्यास ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

३० आगस्ट २०१४ रोजीं अटलांटा येथें वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध हंगाम सुरू झाला. मैदानावर प्रथम उतरला सिम्स. तरी लोकांची अशी समजूत होती कीं, ही तात्पुरती सोय आहे. पाहुणा स्थिरस्थावर झाला कीं जागा पालटेल. २० सप्टेंबरला सिम्सनें फ्लॉरिडाविरुद्ध ४४५ यार्डांच्या फेंकी केल्या, आणि ती समजूत संपली. वर्षअखेर त्याच्या नांवावर ३,४८७ यार्ड होते. अलाबामाच्या क्वार्टरबॅकचा एका हंगामांतील तो तोंवरचा विक्रम होता, आणि तो मोडला गेला मॅकॅरनचा. अमारी कूपरसारखा झेलणारा समोर होता, हें खरें. पण कूपर कोकरलाही मिळालाच असता.

या घटनेचा अर्थ कोकर फुसका निघाला असा लावणारे तेव्हां पुष्कळ निघाले. आम्हांस तो अर्थ उथळ वाटतो. त्या वर्षीं हरला तो कोकर नसून कोकरविषयींचा तर्क होता. आणि जिंकलीं तीं सिम्सचीं चार अंधारांतलीं वर्षें. परंतु सिम्सच्या सबुरीचे गोडवे गातांना आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. विद्यार्थ्याला एकंदर चारच हंगाम खेळावयास मिळतात, आणि हे हंगाम त्याच्या आयुष्यांत पुन्हां येत नाहींत. सिम्स त्यांतला एकच मनाजोगा खेळला. त्याचा शहाणपणा थोर खरा, पण त्याची किंमत त्याच्या एकट्याच्याच खिशांतून गेली.

कोकर बाकावर बसला, पण निघून गेला नाहीं. २०१५ मध्यें सिम्स नव्हता, तरीही जागा त्याला सहज मिळाली नाहीं. पुन्हां चार-पांच जणांची चुरस झाली. पहिले दोन सामने तो खेळला, आणि १९ सप्टेंबरला मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध सेबन यांनीं त्याला पुन्हां बसवून कूपर बेटमन या दुसऱ्यास पाठवलें. तेवीस वर्षांच्या त्या तरुणाला त्या संध्याकाळीं काय वाटलें असेल, याची कल्पना आम्हांस करवत नाहीं. सामना बिघडत गेला, तेव्हां कोकरला आंत बोलावण्यांत आलें. अलाबामानें त्या रात्रीं पांच वेळां चेंडू गमावला, त्यांत कोकरच्याही दोन चुका होत्या. ३० विरुद्ध १० असा मागें पडलेला संघ अखेर ४३ विरुद्ध ३७ असा हरला. पण हरतांना जो झगडला तो कोकरच होता, आणि पुढच्या आठवड्यापासून जागा त्याची झाली.

त्यानंतर अलाबामा हरलें नाहीं. कोकर ज्या १४ सामन्यांत आरंभापासून खेळला ते चौदाही संघानें जिंकले. ३१ डिसेंबरला मिशिगन स्टेटचा ३८ विरुद्ध ० असा फडशा पडला. त्या दिवशीं त्याच्या ३० पैकीं २५ फेंकी अचूक गेल्या. ११ जानेवारी २०१६ रोजीं ॲरिझोनांत क्लेमसनशीं अंतिम सामना झाला. चौथ्या भागांत २४-२४ अशी बरोबरी असतांना सेबन यांनीं चेंडू आखूड लाथाडवून आपल्याच गड्याकडून झेलवला आणि प्रतिपक्षाच्या हातची खेळी काढून घेतली. लगेच कोकरनें ओ. जे. हॉवर्डला ५१ यार्डांची फेंक केली आणि अलाबामा पुढें गेलें. अखेरचे गुण ४५ विरुद्ध ४०, कोकरचे यार्ड ३३५. व्यावसायिक संघांनीं मात्र आपल्या निवडीच्या सभेंत त्याला निवडलें नाहीं; आदल्या वर्षीं सिम्सलाही निवडलें नव्हतें.

यानंतर नियम भराभर ढासळले. २०१८ च्या आक्टोबरांत विद्यापीठ बदलूं इच्छिणाऱ्यांची खुली नोंदवही सुरू झाली. २०२१ पासून गड्याला आपल्या नांवावर जाहिरातींचा पैसा घेतां येऊं लागला आणि एकदां विनाअट बदलण्याची परवानगी मिळाली. २०२४ मध्यें ती एकदांची अटही गेली. गड्यांच्या बाजूनें पाहतां हा न्याय उशिरां झालेला आहे, आणि त्याबद्दल गळा काढणाऱ्या प्रशिक्षकांविषयीं आम्हांस विशेष सहानुभूति नाहीं. परंतु दारें कितीही उघडलीं तरी क्वार्टरबॅकची जागा एकाची दोन झालेली नाहीं. ओहायो स्टेटचा टेट मार्टेल २०१९ मध्यें मोठा गाजावाजा होऊन मायामीला गेला. त्याला थांबण्याच्या वर्षांतून सूटही मिळाली. आगस्टांत जागा मिळाली ती आधींपासून तेथेंच असलेल्या जॅरेन विल्यम्सला.

सिम्सचा विक्रम २०१८ मध्यें टुआ टागोवायलोआनें मोडला. त्या हंगामांत अलाबामाच्या बाकावर जेलन हर्ट्स बसला होता. आधींचीं दोन वर्षें ती जागा त्याचीच होती. १ डिसेंबर २०१८ रोजीं जॉर्जियाविरुद्ध टागोवायलोआ जायबंदी झाला, तेव्हां हर्ट्स बाकावरून उठला आणि त्यानें सामना ३५ विरुद्ध २८ असा जिंकून दिला. त्याच महिन्यांत त्यानें पदवी घेतली. मग पदवीधरांच्या त्याच सवलतीनें तो ओक्लाहोमाला गेला, आणि २०१९ च्या पहिल्याच सामन्यांत त्याला त्याची जागा मिळाली.