दृश्याची सीमा : यंत्र, संहिता आणि वाचक

अखंड चित्रफितीत एक दृश्य कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे यंत्राला ठरवता येईल काय, हा प्रश्न वरकरणी तंत्रविद्येचा आहे. त्याचा इतिहास पाहता मात्र संहितेच्या विभाजनाचा, म्हणजेच अर्थनिर्णयनाचा जुना प्रश्न तेथे नव्याने उभा राहिलेला दिसतो.

1993 साली सिंगापूर येथे झांग, कनकनहळ्ळी आणि स्मोलियर यांनी मांडलेली पद्धत लगतच्या चौकटींमधील फरक मोजणारी होती. हा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तेथे छेद मानावयाचा. हळूहळू विरत जाणाऱ्या संक्रमणासाठी दोन मर्यादा योजावयाच्या. संकलित चित्रपटाबाबत ही रीत फलदायी ठरली, कारण तेथील छेद संकलकाने आधीच दिलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2001 ते 2007 या काळात घेतलेल्या छेदशोधाच्या चाचण्याही याच गृहीतावर उभ्या होत्या.

असंकलित चित्रणात हा आधार नाहीसा होतो. सोकुरोव्ह यांच्या ‘रशियन आर्क’ (2002) या सुमारे दीड तासाच्या चित्रपटात एकही छेद नाही. चौकटींतील फरक मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी तो एकच चित्रखंड. प्रेक्षकाला मात्र दालनागणिक काळ पालटलेला जाणवतो. नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभागाची कल्पना येथे आठवावी. नट रंगपीठावर परिक्रमण करतो आणि पडदा न पडताही स्थळ बदलते. ही सीमा संकेत जाणणाऱ्या प्रेक्षकामुळेच सिद्ध होते.

न्यूटसन या मानसशास्त्रज्ञाने 1973 मध्ये हाच मार्ग धरला. चित्रफीत पाहताना एक कृती संपून दुसरी सुरू झाली असे वाटताच प्रेक्षकांनी कळ दाबावयाची होती. 2021 मध्ये घटनासीमांच्या शोधासाठी सिद्ध झालेल्या ‘कायनेटिक्स-जीईबीडी’ या संचातही एकेका चित्रफितीच्या सीमा पाच-पाच व्यक्तींकडून आखून घेतल्या गेल्या. एकाच चित्रणाची अनेक विभाजने संभवतात, ही त्यामागील कबुली महत्त्वाची आहे. बार्थ यांनी ‘एस/झेड’ (1970) मध्ये बाल्झाकच्या कथेचे 561 वाचनखंड पाडले, तेव्हा ही विभागणी स्वैर असल्याचे त्यांनीच सांगितले होते.

बार्थ यांचा स्वैरपणा उघड होता. यंत्राचा मात्र वस्तुनिष्ठतेच्या आवरणाखाली झाकला जातो. अभिलेखागारातील चित्रण उद्या या सीमांच्या आधारेच धुंडाळले जाणार असेल, तर ज्या क्षणाला सीमा लाभली नाही तो अभ्यासकाच्या हाती लागणे दुरापास्त होईल. म्हणून यंत्राने आखलेल्या रेषेमागे कोणाचे वाचन आहे, हे विचारणे समीक्षेचेच काम ठरते.