पैरा, वेठ आणि श्रमदान

गावात श्रमदान ठरलं की सकाळी कुदळी, फावडी, घमेली घेऊन माणसं जमतात. सरपंच नारळ फोडतात आणि भाषणात हमखास सांगितलं जातं की ही आपली पूर्वापार परंपरा आहे. ते अर्धंच खरं आहे. पैशाशिवाय राबण्याची रीत गावात होतीच, पण एक नव्हे, दोन होत्या. एकीत राबणाऱ्याला आपल्या घामाची फेड कधी आणि कशी होणार ते ठाऊक असे. दुसरीत ते विचारायचीही सोय नव्हती. आजचं श्रमदान पहिलीचं नाव सांगतं. दुसरीचं रक्तही त्यात आहे, हे सहसा कुणी बोलत नाही.

पहिली इर्जिकेची. ऐन हंगामात ज्याचा बैल मेला, ज्याच्या घरातला कर्ता अंथरुणाला खिळला किंवा ज्याचं रान मोठं आणि औतं कमी, तो गावात आवतण देई. ठरल्या दिवशी भल्या पहाटे गावातली औतं त्याच्या रानात उतरत, दिवस मावळायच्या आत नांगरट उरकत आणि रात्री त्याच्या दारात पंगत बसे. जेवण सणासुदीचंच हवं. तिथे हात आखडणाऱ्याच्या रानात पुढच्या खेपेला औतं कशाला उतरतील? कोल्हापूर-सांगलीकडचा पैरा याहून काटेकोर. आज तुझ्या भांगलणीला आमच्या घरची दोन माणसं, परवा आमच्याकडे तुझी दोन. बैलजोडीच्या दिवसाला बैलजोडीचा दिवस. एकेकच बैल असलेले दोघे आपापला बैल आणून जोडी जुळवत. कुठे याला सावड म्हणत, कुठे वारंगुळा. कागदावर काही नसे, पण कुणाचा दिवस फिटला आणि कुणाचा राहिला हे घरातल्या म्हातारीला तोंडपाठ असे. यात उपकार कुणी कुणावर करत नव्हतं, म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

हीच रीत पाण्यापर्यंत गेली तेव्हा तिची व्यवस्था झाली. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम अशा नद्यांवरचे फड बंधारे काही शतकांचे आहेत. बंधाऱ्याखालच्या शेताचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी फिरवायला पाटकरी नेमायचा, राखणीला जागल्या ठेवायचा, त्यांना धान्यात मोबदला द्यायचा आणि पाटातला गाळ सगळ्या खातेदारांनी मिळून काढायचा. भीमाशंकरच्या डोंगरात, आंबेगाव-जुन्नरच्या महादेव कोळ्यांमध्ये पडकई होती. चार घरं एकत्र येऊन आज याच्या, उद्या त्याच्या उतारावर दगडी बांध घालून भातखाचरं करत. दगड उचलायला एकट्याचं बळ पुरत नाही, एवढं साधं कारण. शाश्वत या संस्थेनं हीच पडकई पुन्हा उभी केली, तेव्हा नवं काही शिकवायची गरज पडली नसावी.

मात्र या साऱ्याला एक कुंपण होतं. पैरा फेडायला शेत लागतं. ज्याच्याकडे शेत नाही, बैल नाही, त्याच्या वाट्याला दुसरी रीत आली.

ती वेठीची. सरकारी टपाल पोचवणं, अंमलदारापुढे धावणं, मेलेलं ढोर ओढणं, मयताची खबर परगावी नेणं, लाकूड-सरपण वाहणं. महार वतनदारांनी हे सगळं करायचं, बोलावलं की रात्री-अपरात्री निघायचं आणि बदल्यात वतनाची तुटपुंजी जमीन नि गावकऱ्यांच्या खळ्यावरचं बलुतं. एक माणूस येऊ शकला नाही तर त्याच्या घरच्यानं जायचं. गावगाड्याच्या गुण्यागोविंदाची वर्णनं वाचताना हा भाग पानाच्या तळाशी सापडतो, सापडलाच तर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं. नेमकं काम काय आणि त्याचा मोबदला किती, हे कागदावर यावं, हा त्यामागचा आग्रह. विधेयक तडीस गेलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं.

म्हणून गाडगेबाबांचा खराटा मला एवढा मोठा वाटतो. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात परीट घरात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी रस्ता झाडायचा आणि मग कुणी दिली तर भाकरी घ्यायचा. जे काम आजवर जातीनं एखाद्यावर लादलं होतं, ते त्यानं स्वतः होऊन हातात घेतलं आणि रात्रीच्या कीर्तनात गावालाच प्रश्न विचारले. पाटलापासून सगळ्यांना घाण स्वतः उचलावी लागली, तर तिथे वेठीचा कणाच मोडतो. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची पहाटेची ग्रामसफाई आणि रामधून याच वाटेवरची.

स्वातंत्र्यानंतर सरकारला ही गोष्ट फार आवडली. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली. तिच्यात रस्ता, शाळाखोली, विहीर यांच्या खर्चात गावानं श्रमाचा वाटा उचलावा अशी अपेक्षा होती. तिजोरीत पैसा कमी होता, हेही खरं. पण शहरातल्या डांबरी रस्त्यासाठी शहरातल्या माणसाला कुदळ घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना आली आणि कॉलेजची पोरं गावात शिबिराला येऊ लागली. त्यांनी खड्डे खणायचे, झाडं लावायची, आणि पुढल्या वर्षीच्या पोरांनी त्याच खड्ड्यांत पुन्हा लावायची, हा विनोद बऱ्याच गावांत ऐकू येतो. पोरांना गाव दिसलं, हा फायदा मात्र खोटा नाही.

मग १९७२ चा दुष्काळ आला आणि एक वेगळाच फाटा फुटला. खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला बाया-बापडे हजारोंनी लागले, पण मजुरीवर. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यात ज्याचा प्रयोग केला होता, ती रोजगार हमी १९७७ च्या कायद्यानं हक्क बनली. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. गावाच्या घामाचा हिशेब शहराच्या खिशाशी जोडला गेला, असं त्याआधी घडलं नव्हतं.

आदर्श गावांनी पुन्हा श्रमदानाची वाट धरली. अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगण सिद्धीत परतले. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही तिथली पंचसूत्री १९९२ च्या आदर्श गाव योजनेतून राज्यभर गेली. यातली चराईबंदी नीट पाहण्यासारखी. गवत वाढलं, पाणी मुरलं, विहिरी भरल्या. पण बांध घातला सगळ्यांनी, शेळ्या सोडल्या त्या भूमिहीनानं आणि विहीर कुणाची, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं. हिवरे बाजारनं पुढची पायरी गाठली. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी झाली, उसाला बंदी झाली आणि दरवर्षी किती पाणी आहे ते मोजून पिकं ठरू लागली. गावाच्या पाण्यावर कुणा एकाचा पंप चालू द्यायचा नाही, हे फड बंधाऱ्यावरचंच शहाणपण.

२०१६ मध्ये पाणी फाउंडेशन या संस्थेनं वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा आणली. पहिल्या वर्षी तीन तालुके आणि कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं. पुढच्या वर्षी तीस तालुके आणि पहिलं आलं ते आर्वी तालुक्यातलं काकडदरा, कोलाम वस्तीचं छोटंसं गाव. उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री बॅटरीच्या उजेडात माणसं चर खोदत होती. पोकलेनही आले. गावानं डिझेल भरायचं, यंत्रानं आठवड्यांचं काम दिवसांत उरकायचं. शहरातले जलमित्र १ मे रोजी महाश्रमदानाला यायचे, फोटो काढायचे, हातावर फोड घेऊन परतायचे. स्पर्धेमुळे गावातली भावकीची भांडणं काही काळ तरी मिटली, हे मोठंच काम. पण उन्हाळा सरला की चर बुजायला लागे. गाळ काढायला पाटकरी नेमलेला नसे. बक्षिसाची तारीख असे, पुढच्या दहा वर्षांच्या डागडुजीची नसे.

याच संस्थेनं २०२२ पासून फार्मर कप सुरू केला. त्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या रानात पेरणी-खुरपणी करतात आणि त्याला सरळ इर्जिक म्हणतात. आता कारण बैल मेला हे नसतं, मजूर मिळत नाही किंवा परवडत नाही हे असतं. बायकांच्या गटांत हे जोरात चालतं. दिवसाला दिवस, जसा पैऱ्यात होता तसाच. खर्च घटतो आणि कामही वेळेत होतं. पण गटात नाव घालायला शेत लागतं. खुरपणीवर ज्यांचं घर चालत होतं, त्या बाया त्या दिवशी तालुक्याच्या रस्त्यावर टेम्पोची वाट बघत उभ्या असतात.