दाढी न कापता एन-९५ मास्क कसा लावायचा?
कोरोनाच्या काळात परदेशातल्या शीख डॉक्टरांपुढे पगडीपेक्षा दाढीचा प्रश्न मोठा होता. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगाचा. दाढीमुळे फट राहते आणि डॉक्टर फिट टेस्टमध्ये नापास होतो. गाळलेली हवा पुरवणारं हूड हा पर्याय होता, पण ते महाग. २०२० मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये दोन शीख डॉक्टर भावांनी अखेर दाढी काढली. केस न कापणं हा श्रद्धेचा भाग असलेल्यांसाठी ही साधी गोष्ट नव्हे.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 'सिंग ठाठा' पद्धत मांडली. ठाठा म्हणजे दाढी बसवायला बांधतात ते कापड. इथे कापडाऐवजी व्यायामाचा रबरी पट्टा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधायचा, त्यावर मास्क. फिट टेस्टमध्ये बहुतेक जण पास झाले, तेही दाढीसकट!