पावसाचा अदमास आणि वाचनालयाची एक वही

ग्रंथालयाच्या शतकाचा इतिहास लिहिताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, अध्यक्षांची नामावली आणि व्याख्यानमालांची जंत्री यांना मानाचे स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. तो इतिहास या स्मरणिकेत अन्य अधिकारी लेखकांनी सांगितला असेलच. प्रस्तुत लेखात मी एका अगदी किरकोळ वहीविषयी लिहिणार आहे. ही वही वाचनालयाच्या दप्तरात कोठेही नोंदलेली नाही. तरीही माणसाने पावसाचा अदमास बांधण्याचा जो दीर्घ इतिहास आहे, त्याचे एक लहानसे पान तिच्यात आहे असे मला वाटते.

१९९५ च्या सुमारास मी नुकताच अध्यापनाच्या नोकरीत रुजू झालो होतो. सकाळी महाविद्यालयात जाण्यापूर्वी वृत्तपत्र विभागात डोकावण्याची सवय होती. खिडकीजवळच्या लांब मेजाशी सात-आठ ज्येष्ठ मंडळी नेमाने बसत. टपाल खात्यातून निवृत्त झालेले तात्या, खानापूरकडे भातशेती असलेले अण्णा, शाळेत विज्ञान शिकवणारे गुरुजी, एक वकीलसाहेब, अशी ती बैठक. बेळगावात पावसाखेरीज दुसरा विषय पावसाळ्यात सहसा निघत नाही. वाद वाढू लागले तेव्हा गुरुजींनी एक शंभर पानी वही आणली आणि नियम घालून दिला. मे ते ऑगस्ट या प्रत्येक महिन्याच्या अखेरच्या दिवशी, पुढच्या महिन्यात शहरात किती पाऊस पडेल याचा आकडा प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करावी. महिना संपला की वृत्तपत्रात येणाऱ्या रोजच्या आकड्यांची बेरीज करावी. ज्याचा आकडा सर्वांत जवळचा त्याला कुंद्याचा पुडा. ज्याचा सर्वांत दूरचा त्याने तो आणावयाचा. पैसे लावावयाचे नाहीत, ही अट वकीलसाहेबांची.

ही अट थट्टेने घातलेली नव्हती. पावसावर पैजा लावण्याचे वेड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि कलकत्ता येथे इतके बोकाळले होते की सरकारला कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. अमुक वेळेच्या आत पन्हळीतून पाणी वाहील की नाही यावर मोठमोठ्या रकमा लागत. मुंबईच्या जुगारविरोधी कायद्यात १८९० मध्ये दुरुस्ती होऊन पावसावरील पैज त्याच्या कक्षेत आली. बंगालमध्ये १८९७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला. ‘सट्टेवाल्याला पावसाचे ज्ञान नको असते, त्याला पैसा हवा असतो, आपल्याला ज्ञान हवे आहे,’ असे वकीलसाहेब म्हणत. अण्णा त्यावर हसून म्हणायचे, ‘साहेब, आम्हा शेतकऱ्यांचा तर दरसाल सट्टाच असतो की. बियाणं मातीत टाकलं म्हणजे पैज लागली.’

पाऊस मोजण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ ठरावीक मापाचे पात्र ठेवून पर्जन्य मोजण्यास सांगितले आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमान द्रोण या मापात दिले आहे. कोरड्या जांगल प्रदेशात सोळा द्रोण, अश्मक देशात साडेतेरा, अवंतीत तेवीस. अपरान्तात मात्र अमित, म्हणजे मोजदाद नाही इतका. अपरान्त म्हणजे आपल्या घाटाखालचे कोकण. बेळगावच्या माणसाला यावर भाष्य नको. आपल्या शहरात वर्षाला पन्नास इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला आंबोलीत अडीचशे इंचांहून अधिक. आणि पूर्वेला अथणीकडे गेले की पंचवीस इंचही पुरे पडत नाहीत. दीडशे किलोमीटरच्या आत अनूप, जांगल आणि अमित हे तिन्ही प्रकार आपल्याला पाहावयास मिळतात.

मोजणे जुने, तसे भाकीत करणेही जुने. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पर्जन्याची लक्षणे विस्ताराने आली आहेत. सहदेव-भाडळीच्या नावावर चालत आलेली वचने खेडोपाडी पाठ आहेत. पंचांगकर्ते प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे वाहन सांगतात. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की समाधान, कोल्हा किंवा मेंढा असला की चिंता. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती अठरा धान्ये मांडतात. घटात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याची घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले यावरून त्या त्या महिन्याचा पाऊस सांगतात. या परंपरेला तीनशे वर्षांहून अधिक काळ झाल्याचे सांगितले जाते. त्यामागील श्रद्धेची टिंगल करण्याचे कारण नाही. पावसावर ज्याचा जीव टांगलेला आहे तो कशाचा तरी आधार शोधणारच. परंतु या सर्व भाकितांत एक उणीव समान आहे. खरे ठरलेले भाकीत लोकांच्या तोंडी राहते, चुकलेले विसरले जाते. चुकांची वही कोणी ठेवलेली नसते.

आमच्या वहीचे महत्त्व नेमके येथे होते. पहिल्याच वर्षी एक कठीण प्रश्न उभा राहिला. तीस जूनला दुपारनंतर धो धो पाऊस झाला. तो जूनमध्ये धरावयाचा की जुलैत? गुरुजींनी निवाडा दिला. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठ वाजता पाहतात आणि त्या वेळेपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेच्या नावे लिहितात. म्हणजे तीस जूनच्या संध्याकाळचा पाऊस एक जुलैचा. अण्णांचा कुंदा त्यामुळे हुकला व ते दोन दिवस बैठकीकडे फिरकले नाहीत. तरी नियम मोडला नाही.

अशी हौस केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. इंग्लंडमधील हवामानाचे हौशी अभ्यासक महिना सुरू होण्याच्या सुमारास ‘मध्य इंग्लंडचे सरासरी तापमान’ किती राहील याचा अदमास दशांश अंशापर्यंत नोंदवतात आणि ज्याची चूक सर्वांत कमी तो त्या महिन्याचा मानकरी ठरतो. हा आकडा साधा नव्हे. गॉर्डन मॅन्ले या अभ्यासकाने जुन्या रोजनिश्या आणि खासगी नोंदवह्या जुळवून ही मालिका सिद्ध केली. तिचा एक भाग १९५३ मध्ये आणि विस्तारित रूप १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. ती १६५९ पासूनची असून तापमापकाने घेतलेल्या नोंदींची इतकी दीर्घ मासिक मालिका जगात दुसरी नाही. तिच्यातील सर्वांत थंड महिना जानेवारी १७९५. त्याची सरासरी उणे ३.१ अंश. आरंभीच्या काळात कोणी शासनाच्या आज्ञेने ही टिपणे ठेवलेली नव्हती. हौशी माणसांनी स्वतःच्या समाधानासाठी लिहिलेल्या ओळी तीन शतकांनंतर शास्त्राच्या कामी आल्या.

आता आपल्या देशातील शास्त्रीय अंदाजाकडे वळू. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. लगेचच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. मुंबई इलाख्याचा दख्खन आणि आपला कर्नाटकाचा भाग त्यात होरपळून निघाला. पावसाची चाहूल अगोदर लागेल काय, हा प्रश्न त्यानंतर केवळ विद्वानांचा राहिला नाही. हिमालयावर हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक पडले तर पुढील पावसाळा उणा जातो, असा संबंध ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडला आणि १८८६ पासून मोसमी पावसाचा अंदाज रीतसर प्रसिद्ध होऊ लागला. त्यांच्यानंतरचे जॉन इलियट यांनी १८९९ मध्ये सरासरीहून अधिक पाऊस सांगितला, आणि नेमका त्याच वर्षी देशाच्या मोठ्या भागावर छप्पन्नचा दुष्काळ कोसळला. टीका इतकी झाली की पुढे काही वर्षे अंदाज जाहीर न करता गोपनीय ठेवले गेले.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर प्रमुखपदी आले. ते मूळचे केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राचे शिक्षण नव्हते. कदाचित म्हणूनच त्यांनी आधी सिद्धान्त न मांडता जगभरच्या नोंदवह्या मागविल्या आणि कोणत्या ठिकाणच्या हवेचा दाब, तापमान वा पाऊस आपल्या पावसाशी किती जुळतो हे गणिताने तपासले. त्या शोधातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील वायुदाबाचा झोका त्यांच्या हाती लागला. त्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. एल निनोशी त्याचा असलेला संबंध ब्येर्कनेस यांनी १९६९ मध्ये उलगडला. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ हे नाव आजही ऐकू येते, त्याचे मूळ येथे आहे.

या इतिहासात मराठी वाचकाला अभिमानाचे वाटावे असे एक प्रकरण आहे. १९८७ च्या दुष्काळानंतर डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांवर आधारलेले अंदाजाचे प्रारूप तयार झाले आणि १९८८ पासून वापरात आले. पुढील वर्षांत खात्याचे अंदाज लोकांना पटू लागले. आमच्या बैठकीतही ‘सोळा घटक’ हा शब्द रूढ झाला. मात्र याच काळात आमच्या वहीत दुसरा एक चमत्कार घडत होता. वर्षाची बेरीज केली की तात्या पहिले येत. पंचांग नाही, ढग नाहीत, वाऱ्याची दिशा नाही. तात्या दर महिन्याला गेल्या अनेक वर्षांची त्या महिन्याची सरासरी लिहीत. ‘टपालासारखं आहे,’ ते म्हणत, ‘एखादं पत्र चुकतं, पण बहुतेक ठरल्या दिवशीच येतात.’ अण्णांना ही लबाडी वाटे. गुरुजी म्हणत, ‘लबाडी नव्हे. तात्यांना जो हरवील त्यालाच पाऊस कळतो असे समजा.’

२००२ साल उजाडले. देशासाठी खात्याचा अंदाज सरासरीच्या १०१ टक्के होता. प्रत्यक्षात पडला सुमारे ८१ टक्के. जुलै महिन्यात तर देशभर निम्माच पाऊस झाला. आमच्याकडेही त्या जुलैत पावसाने ओढ दिली. तीस जूनला तात्यांनी नित्याप्रमाणे सरासरी लिहिली होती. अण्णांनी तिच्या निम्म्याहून कमी आकडा लिहिला होता. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले होते, ‘वारा नुसता वाहतोय, ढग थांबत नाहीत. मला हे लक्षण बरं दिसत नाही.’ महिना संपला, बेरीज झाली. अण्णांचा आकडा सर्वांत जवळचा होता आणि तात्यांचा सर्वांत दूरचा. तात्यांनी कुंदा आणून मेजावर ठेवला. अण्णांनी तो मागे सारला. त्यांच्या रोपवाटिकेतील तरू पिवळा पडला होता आणि लावणीला चिखल नव्हता. ‘ह्या महिन्याचा कुंदा मला नको, तात्या,’ एवढेच ते म्हणाले. वहीच्या त्या पानावर मानकऱ्याचा रकाना आजही कोरा आहे.

त्या दिवशी गुरुजींनी जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. १९८८ ते २००१ ही सलग चौदा वर्षे देशाचा पाऊस एकंदरीने सरासरीच्या आसपास राहिला. अशा काळात ‘पाऊस सरासरीइतका पडेल’ असे सांगणारा प्रत्येक जण खरा ठरतो. शास्त्रज्ञ खरे ठरतात, पंचांग खरे ठरते आणि आमचे तात्याही. कोणाला खरोखर कळले होते, हे त्या चौदा वर्षांत ओळखता येत नाही. अंदाजाची कसोटी पंधराव्या वर्षी लागते, आणि शेतकऱ्याला अंदाजाची गरजही त्याच वर्षी असते. यात गोवारीकरांच्या कार्याला कमीपणा नाही. त्यांच्या प्रारूपाचे अंदाज आगाऊ आणि आकड्यांत जाहीर होत होते, म्हणूनच चूक उघड झाली आणि म्हणूनच ती दुरुस्तही करता आली. २००३ मध्ये नवी प्रारूपे आली. २००९ मध्ये पुन्हा मोठी चूक झाली, त्या वर्षी पाऊस सरासरीच्या ७८ टक्के पडला. २०१२ मध्ये मान्सून मिशन सुरू होऊन महासागर आणि वातावरण यांचे एकत्र गणित संगणकावर मांडण्यावर भर आला. २०२१ पासून खाते पावसाळ्याच्या चारही महिन्यांसाठी स्वतंत्र अंदाज देते, आणि पाऊस सरासरीहून कमी, सरासरीइतका वा अधिक पडण्याची शक्यता किती टक्के, हेही सांगते. आपले अज्ञान आकड्यांत सांगण्याचे हे धैर्य मला सर्वांत मोठी प्रगती वाटते.

तात्या आणि अण्णा आज हयात नाहीत. बैठक पांगली, वही मात्र गुरुजींनी माझ्याकडे सोपवली. तिच्यात सही करून केलेल्या शेकडो चुका आहेत, आणि प्रत्येक चूक तारखेसह आहे. ग्रंथालय म्हणजे तरी दुसरे काय? माणसांनी वेळोवेळी काय मानले होते ते नंतर सोयीने बदलता येऊ नये, यासाठी जपलेली ती एक प्रचंड वही असते. शतकपूर्तीच्या या मंगल प्रसंगी ही शंभर पानी वही मी वाचनालयाच्या स्वाधीन करीत आहे. ग्रंथपालांना एकच विनंती आहे. तिला दाखल क्रमांक द्यावा, आणि जुलै २००२ चा तो कोरा रकाना कोराच राहू द्यावा.