दिवेलागण ते भोंगा : मुलांच्या सायंकाळचा इतिहास

लहान मुलांच्या डोळ्यांसमोर स्क्रीन किती वेळ असावी हा प्रश्न मोबाइलने निर्माण केला, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तरही मुलाच्या शिस्तीत किंवा आईच्या खंबीरपणात शोधले जाते. महाराष्ट्रातील घरांच्या सायंकाळचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला असता ही समजूत अपुरी ठरते. दिवेलागणीपासून निजानीज होईपर्यंतच्या तीन-चार तासांत मुलांनी काय करावे, हे ठरवणारी व्यवस्था दूरचित्रवाणी येण्यापूर्वीच खिळखिळी होऊ लागली होती. त्यानंतर आलेल्या स्क्रीनला काही काळ प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाचीच मर्यादा होती, त्यामुळे घरांना स्वतःची मर्यादा आखण्याची गरज भासली नाही. आणि ते वेळापत्रक नाहीसे झाले तेव्हा अशी मर्यादा आखण्याची सवय कोणाच्याच अंगी उरली नव्हती. सांगली जिल्ह्यातील एका गावाने २०२२ मध्ये सायंकाळी भोंगा वाजवून टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा जो पायंडा पाडला, त्याचे महत्त्व या क्रमात ठेवून पाहिल्यावरच नीट कळते.

जुन्या सायंकाळचा कणा म्हणजे परवचा. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला, की मुले हातपाय धुऊन ओळीने बसत आणि शुभंकरोती, रामरक्षा, मग तिथी, वार, महिने, ऋतू, नक्षत्रे आणि शेवटी पाढे असे सारे मोठ्याने म्हणत. या रोजच्या सामूहिक पठणाला परवचा म्हटले जाई. पाढे केवळ पूर्णांकांचे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही पाठ असावे लागत, आणि त्यांपैकी औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन रुपये दराने सात मापे धान्य घेतले तर साडेचोवीस रुपये झाले, हे उत्तर औटकी येणाऱ्या मुलाच्या तोंडातून कागद-पेन्सिलीवाचून निघत असे. या पठणातील ज्ञानाइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या वेळी घरातील वडीलधारी माणसे जवळपास असत, ऐकत असत, चुकलेला आकडा तिथल्या तिथे दुरुस्त करत असत, आणि त्यांचे लक्ष ओढून घेणारी दुसरी कोणतीही गोष्ट त्या प्रहरी घरात नसे. मुलाला एकट्याला शिस्त लावलेली नव्हती. साऱ्या घराचाच तो प्रहर ठरलेला होता.

या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचा मोह मात्र इतिहासलेखनाने टाळला पाहिजे. परवचा ही मुख्यतः साक्षर, त्यातही बहुतांशी उच्चवर्णीय घरांतील रीत होती. शेतकरी आणि मजूर कुटुंबांतील मुलांची तीच वेळ गुरे गोठ्यात बांधण्यात, पाणी भरण्यात आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यात जाई. मुलींच्या वाट्याला तर चुलीपुढचे काम जवळपास सर्वच घरांत येत असे. तरीही या घरांनाही सायंकाळची एक सामूहिक घडी होती. वारकरी परंपरेच्या गावांत देवळात हरिपाठ होई, भजनाला टाळ वाजत, आणि मोठ्यांच्या मांडीवर बसलेली मुले ऐकता ऐकता पेंगत. रीत जातीपरत्वे आणि व्यवसायापरत्वे वेगळी असली, तरी दिवेलागणीनंतरचा काळ कोणाच्या तरी ताब्यात असे, आणि ज्याच्या ताब्यात तो असे ते माणूस मुलाच्या ओळखीचे असे.

परवचा मोडीत निघाली ती टीव्हीमुळे, हेही पूर्णपणे खरे नाही. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि १६ आण्यांचा, म्हणजे ६४ पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. १९५६ च्या कायद्यानुसार शेर, मण, पायली यांच्या जागी टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणि लिटर आले. पावकी आणि औटकी यांचा बाजारातील उपयोग त्यामुळे पुढील काही वर्षांत संपला. त्याच सुमारास शहरांतील घरे लहान होत गेली, नोकरीनिमित्त कुटुंबे विभागली, आणि पाढे ऐकणारे आजोबा गावी राहिले. दूरचित्रवाणी घरात शिरली ती अशा, आधीच रिकाम्या होत चाललेल्या प्रहरात.

स्क्रीन त्यापूर्वीही महाराष्ट्राला माहीत होती, परंतु ती दिनदर्शिकेला बांधलेली होती. जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखविणाऱ्या फिरत्या टॉकीज वर्षातून ठरावीक काळी गावात येत, आणि त्या निघून गेल्या की पडदाही गुंडाळला जाई. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले, तर मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले आणि पुढील वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ते कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. या दूरदर्शनला आठवड्याची शिस्त होती: गुरुवारी ‘छायागीत’, शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी चित्रपट, आणि मुलांसाठी ‘किलबिल’सारखा नेमका कार्यक्रम. एका चाळीत एखादाच संच असे. तो पाहायला शेजारची मुले दारात चपला काढून जमिनीवर बसत, आणि कार्यक्रम संपला की संचाचे दोन बाजूंनी सरकणारे लाकडी दरवाजे लावून घेतले जात. त्या काळातील पालकांनी टीव्हीविषयी तक्रारी केल्या नाहीत असे नव्हे, पण त्या तक्रारी फारशा पुढे गेल्या नाहीत, कारण रात्री प्रक्षेपण संपत होते आणि संच बंद करण्याचा वाद आपोआप मिटत होता.

प्रक्षेपकानेच मुलांसाठी वेळ राखून ठेवण्याची उदाहरणे इतरत्र अधिक स्पष्ट दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये सायंकाळी ६ ते ७ या तासात दूरचित्रवाणी प्रक्षेपण बंद ठेवले जाई. मुलांचे कार्यक्रम संपल्यानंतर त्यांना जेवू घालून झोपवता यावे, हा त्यामागचा हेतू होता. १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही ही वाहिनी सुरू झाल्यावर या रिकाम्या तासातील उत्पन्न बुडते अशी तक्रार होऊ लागली, आणि प्रक्षेपणाचा कारभार असलेल्या खात्याचे मंत्री चार्ल्स हिल यांच्या कारकिर्दीत फेब्रुवारी १९५७ मध्ये हा तास रद्द झाला. आइसलँडमध्ये १९६६ साली सुरू झालेल्या सरकारी दूरचित्रवाणीला दर गुरुवारी आणि संपूर्ण जुलै महिना सुटी असे. मर्यादित साधने आणि कर्मचाऱ्यांच्या रजा ही त्यामागची कारणे असली, तरी गुरुवारची सायंकाळ लोकांच्या भेटीगाठींची म्हणून अंगवळणी पडली. जुलैची सुटी १९८३ मध्ये आणि गुरुवारची १९८७ मध्ये संपली. दोन्ही देशांत मर्यादा गेली ती मुलांची गरज बदलली म्हणून नव्हे. ब्रिटनमध्ये तर राखून ठेवलेला तास विकता येतो हे ध्यानात आले आणि त्यापुढे मुलांच्या झोपेचा विचार टिकला नाही. 

भारतात हीच गोष्ट १९९१ नंतर झपाट्याने घडली. उपग्रहावरून येणाऱ्या परदेशी वाहिन्या, १९९२ मध्ये झी टीव्ही, १९९५ मध्ये व्यंगपटांची कार्टून नेटवर्क ही वाहिनी आणि शतकाच्या अखेरीस खासगी मराठी वाहिन्या, अशा क्रमाने गल्लीतल्या केबलवाल्याच्या तारेतून प्रक्षेपण अखंड झाले. मालिकांचे मुख्य प्रसारण सायंकाळी सात ते दहा याच वेळेत एकवटले, म्हणजे पूर्वी ज्या प्रहरी घरातील मोठी माणसे मुलांचे ऐकत असत, त्याच प्रहरी आता ती मालिका पाहू लागली. या बदलाचा हिशेब मुलांच्या नावावर मांडला जातो, परंतु मूल टीव्हीसमोर बसले त्याआधी घरातील मोठे तेथे जाऊन बसले होते, हा क्रम ऐतिहासिकदृष्ट्या निर्णायक आहे.

मोबाइलने या अखंडतेला एकांत जोडला. २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेटचे दर कोसळले आणि ग्रामीण घरांतही चित्रफिती पाहणे परवडू लागले. टीव्ही निदान सर्वांच्या देखत चालत असे, मोबाइल पांघरुणातही चालतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, शाळा बंद पडल्या, आणि आतापर्यंत ‘हात लावू नको’ असे बजावलेला फोन मुलाच्या हाती अभ्यासासाठी सन्मानाने द्यावा लागला. अनेक शेतकरी कुटुंबांनी त्यासाठी उसनवारी केली. केंद्रीय शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाच्या मार्गदर्शक सूचना काढून पूर्वप्राथमिक मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा अधिक ऑनलाइन वर्ग नसावा आणि आठवीपर्यंत ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका असाव्यात असे सांगितले. वर्ग संपल्यावर फोन परत कोणी घ्यायचा, हा प्रश्न मात्र घराच्या पदरात टाकला गेला.

वैद्यकशास्त्रानेही या विषयाचे मोजमाप केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाहून अधिक नको, असे सुचविले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनाही जवळपास तशाच असून पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी दोन तासांहून कमी वेळ सांगितला आहे, आणि त्यातही झोप, खेळ, अभ्यास व घरातील संवाद यांना धक्का लागता कामा नये अशी अट घातली आहे. ही अट तासांच्या आकड्याहून मोलाची आहे. अपुरी झोप, बोलण्यास होणारा उशीर, वाढते वजन आणि डोळ्यांचा निकटदृष्टिदोष, म्हणजे दूरचे अंधुक दिसणे, या तक्रारींचा स्क्रीनशी संबंध जोडला जातो तो बराचसा अशा कारणाने, की त्या वेळात जे घडायला हवे होते ते घडत नाही: अंगणातला उजेड, धावणे, माणसाशी बोलणे. परंतु अशा सूचना एकेका पालकाला उद्देशून असतात, आणि शेजारच्या घरात टीव्ही चालू असताना आपल्या मुलाला बंद करायला सांगणारी आई एकटी पडते, ही अडचण त्यांच्या कक्षेत येत नाही.

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने नेमकी हीच अडचण हाताळली. कोरोनानंतर शाळा भरू लागल्या, तरी घरी परतलेली मुले मोबाइल किंवा टीव्हीपाशीच बसतात असे शिक्षक आणि पालक सांगत होते. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा पुरुषांनी ती हसण्यावारी नेली; गावातील महिलांनी मात्र आपण स्वतःच मालिका फार पाहतो हे मान्य करून संपूर्ण गावाने एकाच वेळी स्क्रीन बंद ठेवण्यास संमती दिली. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी उपक्रम सुरू झाला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास, वाचन किंवा गप्पा कराव्यात अशी ही रचना होती. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक सुरुवातीच्या काळात घरोघर जाऊन समजावत राहिले. ऊस आणि कारखान्यांच्या या पट्ट्यात भोंगा हा वेळ सांगणारा आवाज लोकांच्या परिचयाचा आहे. कारखान्यात पाळी सुरू झाल्याची वर्दी देणारे साधन येथे मुलांच्या अभ्यासासाठी वापरले गेले. शिवाय त्याने सर्वांना सारखेच बांधले, त्यामुळे कोणत्याही घराला आपण काही गमावतो आहोत असे वाटण्याचे कारण उरले नाही. परवचेचा आशय येथे परतलेला नाही, आणि परतण्याचे प्रयोजनही नाही; परतली आहे ती मोठ्यांची उपस्थिती, आणि तीही जातीच्या व साक्षरतेच्या मर्यादेपलीकडे, साऱ्या गावासाठी.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बांशी या गावाने वेगळा मार्ग धरला. तेथील ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घालून उल्लंघनासाठी दंड ठरविला. दोन्ही ठरावांमागील कळकळ सारखीच, तथापि त्यांतील भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही. वडगावात दीड तासाची मर्यादा मोठ्यांनी आधी स्वतःवर घेतली. बांशीत बंदी मुलांवर घातली गेली. मूल घरात जे पाहते तेच करते, हे लक्षात घेता पहिली वाट अधिक टिकाऊ वाटते, आणि ती धरायला दंडाच्या पावतीपुस्तकाची गरज पडत नाही.

वडगावच्या रचनेला मर्यादा आहेत. एका भोंग्याच्या टप्प्यात येणारे, एकमेकांना नावाने ओळखणारे गाव ही तिची पूर्वअट आहे. बहुमजली इमारतीत, जेथे आई-वडील आठ वाजता कामावरून परततात, तेथे सात ते साडेआठ हा प्रहर मोकळाच नसतो. त्याहून मोठा पेच शाळेने उभा केला आहे. टाळेबंदीत सुरू झालेले पालक-शिक्षकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट शाळा उघडल्यानंतरही बंद झाले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ, सूचना, कार्यपत्रिका त्यावर बहुधा सायंकाळीच येऊन पडतात. गृहपाठ वहीत उतरवून देण्याची जुनी पद्धत पुन्हा सुरू करणे हे शिक्षकांच्या हातातले काम आहे, आणि ते झाले तर अभ्यासाच्या निमित्ताने मुलाच्या हाती फोन देण्याचे सर्वांत सबळ कारण घरातून नाहीसे होईल.